मोहाच्या झाडावरचे चौदा फोन

१

आमच्या टोल्यात फोन झाडाला लागतात. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो, मग तलावाच्या पाळीवर येऊन स्वतः पाहतो आणि गप्प बसतो. बोडीटोला कुरखेड्यापासून आठ किलोमीटर आत आहे. घरं बावीस, फोन चौदा, आणि रेंज फक्त एका ठिकाणी: पाळीवरच्या थोरल्या मोहाच्या एका फांदीखाली. दोन पावलं बाजूला सरकलात की गेली. म्हणून त्या फांदीला माझ्या नवऱ्याने, खुशालने, मासोळीची एक जुनी टोपली टांगली. सकाळी रानात जाताना जो तो आपला फोन तिच्यात टाकतो, दुपारी येऊन काढतो. तोवर आलेले निरोप फोनमध्ये जमा झालेले असतात. चोरीची भीती नाही. चोराला तरी इथे दुसरीकडे रेंज कुठे मिळणार?

मी बारावीपर्यंत शिकले, त्यामुळे टोल्याचे निरोप वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. निरोपांपेक्षा गंमत जाहिरातींची असे. आमचे सगळे फोन कुरखेड्याच्या प्रवीणच्या दुकानातले. फोन चालू करायला ईमेलचं खातं लागतं आणि ते आमच्यात कोणाकडेच नव्हतं. प्रवीणने एकच खातं उघडलं आणि चौदाही फोनांत तेच घातलं. "चौदा जनाइचे चौदा पासवर्ड कोन ध्यानात ठेवन, ताई?" असं तो म्हणाला होता, आणि आम्हालाही ते पटलं.

त्यामुळे झालं असं की एकाने काही शोधलं की त्याची जाहिरात टोलाभर फिरायची. सुकलूभाऊंनी साठाव्या वर्षी केस काळे करायचं औषध शोधलं आणि आठ दिवस सगळ्यांच्या फोनवर काळ्याभोर केसांचे बाप्ये हसत होते. दुर्गाने घोरणाऱ्या नवऱ्यावर उपाय शोधला, तर दुसऱ्या दिवशी तलावावर बायका तिला रात्रीची खबर विचारू लागल्या. आमच्याकडे गुपित म्हणून काही उरलं नव्हतं, आणि त्याचं कोणाला वाईटही वाटत नव्हतं.

२

मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू झाला. पहाटे रानात, दहापर्यंत परत, मग सावलीत बसून पानांचे पुडे बांधायचे. अशाच एका दुपारी सुकलूभाऊ फोन घेऊन आले.

"हे पाय गिरजा, मले काऊन फराक दाखवून राह्यला हा?"

पिवळा फ्रॉक होता. खाली लिहिलं होतं, नऊ ते दहा वर्षांच्या मुलींसाठी. मी माझा फोन पाहिला, त्यावरही तोच. दुर्गाच्याही तोच. टोल्यात नऊ वर्षांची मुलगी एकच, माझी रिंकू. म्हटलं, बाईसाहेब पाळीवर जाऊन टोपलीत हात घालतात तर.

"म्या नाई पाह्यलं," रिंकू म्हणाली.

"मंग का सुकलूभाऊ फराक घालनार हायेत?"

ती हसली नाही. ती खोटं बोलते तेव्हा डाव्या पायाचा अंगठा मातीत घुसवते. तेव्हा पाय स्थिर होते. तरीही मी तिला पाळीवर जायची बंदी केली आणि विषय सोडून दिला.

जाहिराती थांबल्या नाहीत. आधी मुलींच्या चपला, मग दप्तर, मग लहान आकाराची मच्छरदाणी. मी फोन असलेल्या बाकी तेराही घरी विचारलं. सगळ्यांनी शपथा घेतल्या. दुर्गा म्हणाली, "मले तं पोरगेच तीन. मी काहाले फराक पायन?"

मग उवांचं औषध आलं. उवा काढायची फणी, उवांचा शांपू, दोन दिवस तेच. मला हसू आलं, कारण रिंकूचं डोकं मी रोज विंचरते, आणि तिच्या डोक्यात कधी ऊ सापडली नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी वेणी घालताना कानामागे एक सापडली. मग दुसरी. केस दोन्ही हातांनी बाजूला करून मी पाहू लागले. लिखा मुळाशी होत्या, बारीक, नुकत्याच धरलेल्या.

मी तिची आई. तिच्या डोक्यात काय आहे ते माझ्याआधी कोणीतरी पाहिलं होतं. तेही इतक्या जवळून.

३

प्रवीणच्या दुकानात पंखा चालू होता तरी त्याच्या कपाळावर घाम होता. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि मला समजावलं, शहाण्या माणसासारखं.

"फोन आपलं बोलनं आयकते असं लोक म्हन्तेत, ताई. आयकाची त्याले गरजच नाई. तुमी का शोधता, कुठी जाता, किती वेळ थांबता, कोनाचा फोन तुमच्या बाजूले राह्यते, एवढ्यावरच त्याले सारं समजते. तुमचं तं खातंच एक. कोनीतरी शोधून राह्यलं हाये. कोन, थे पाहू."

त्याने खात्याची पानं उघडली. कोणकोणत्या फोनात हे खातं चालू आहे त्याची यादी आली. आम्ही दोघांनी मोजली. मी पुन्हा बोट ठेवून मोजली. पंधरा.

चौदांपुढे फोनाचं नाव होतं. शेवटच्या ओळीत नाव नव्हतं, नुसती जागा होती: आमचा तलाव. आणि वेळ होती, आत्ताची.

"कोनी जुना फोन टाकला असन," प्रवीण म्हणाला. त्याने पासवर्ड बदलला. एकेक करून सगळे फोन यादीतून गळाले आणि त्याच्या हातातला माझा तेवढा राहिला. "झालं. आता ज्याले पाह्यजे त्यानं इथी यावं, मी नवीन पासवर्ड टाकून देतो."

त्याने दोन चहा सांगितले. चहा येईपर्यंत आम्ही पावसाबद्दल बोललो. कप टेबलावर ठेवला तेव्हा यादीत दोन ओळी होत्या. एक माझी, आणि तिच्याखाली ती बिननावाची.

नवा पासवर्ड प्रवीणने अजून मलाही सांगितला नव्हता.

त्याने माझा फोन घेतला आणि न विचारताच सगळं बंद करायला लागला. मला स्वतंत्र खातं काढून दिलं. ठावठिकाणा बंद केला. जाहिरातवाल्यांनी माझ्या फोनला दिलेला क्रमांक पुसला. माइक, कॅमेरा, ओळखीच्यांचे नंबर, सगळ्यांची परवानगी काढून घेतली. प्रत्येक वेळी फोन विचारायचा, खरंच बंद करायचं का? प्रवीण दाबायचा, हो. हो. हो.

"आता तुमी कोनाले दिसनार नाई," तो म्हणाला. त्याने चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत.

४

टोल्यातले बाकीचे तेरा जण दोन दिवसांत प्रवीणकडे जाऊन आले आणि पुन्हा त्या जुन्याच खात्यात शिरले. मी वेगळं खातं काढायला सांगितलं तर सुकलूभाऊ म्हणाले, "आपन सारे एकच त हावो. येगळं कायले?" यादीतल्या ओळीबद्दल खुशालला सांगितलं. तो म्हणाला मशीन आहे, चुकते. मलाही तसंच वाटावं असं फार वाटत होतं.

मी तशी भित्री नाही. अस्वलाच्या वाटेवरून मोहफुलं वेचून आणलेली बाई आहे मी. म्हणून एका दुपारी, सगळे पुडे घेऊन फळीवर, म्हणजे पानं मोजून घेतात तिथे, विकायला गेलेले असताना, मी पाळीवर जाऊन मोहाखाली बसले. फळीवर फोनचं काम नसतं, म्हणून टोपली भरलेली होती. माझा फोन माझ्या हातात, बाकी तेरा वर.

दुपारी तलावावर आवाज नसतो. पाणी हलत नाही. झाडावर बगळे बसलेले, तेही गप्प. ऊन इतकं की पलीकडची पाळ थरथरत होती. मी काय ऐकायला आले होते ते मलाच ठाऊक नव्हतं.

मग फळीवर पुडे मोजून घेणाऱ्या डोमा मुन्शीचा निरोप आला. तो टोल्याच्या सगळ्यांना एकदम निरोप पाठवतो आणि आमची रेंज तो एकेकाला उतरवून देते. आधी माझ्या हातात फोन थरथरला. मग वर टोपलीत एक, मग दुसरा. फोन एकमेकांवर घासत होते, टोपली जराशी हलत होती. मी मोजत गेले. सवय म्हणून म्हणा. अकरा, बारा, तेरा. चौदा.

टोपली थांबली.

आणि मग पाण्याच्या बाजूने, बेशरमच्या झुडपातून, पंधरावा वाजला. तो आवाज कोरडा नव्हता. ओल्या चिखलावर फोन ठेवला तर जसा दबका वाजेल तसा, आणि लांबलेला.

मी उठले. का उठले सांगता येत नाही. पळायला हवं होतं. झुडूप बाजूला केलं तर फोन नव्हता, कोणी नव्हतं. गवत तेवढं दबलेलं होतं. कोणी रोज येऊन बसावं तशी मोठी जागा, तिला अगदी लागून एक लहान. म्हशी बसतात, मी स्वतःला सांगितलं. म्हैस आणि तिचं रेडकू. पण म्हशीचा एकही खूर चिखलात उमटलेला नव्हता.

घरी आले. रिंकू ओसरीवर चिंचोके खेळत होती.

"पाळीवर गेलती का?"

"नाई."

"खरं सांग, रिंकू. मी मारत नाई."

"नाई ना गेली. तू बलावतेस तवाच जातो."

मी महिनाभरात तिला पाळीवर एकदाही बोलावलं नव्हतं.

५

पलीकडच्या जिल्ह्यात मूल नावाच्या गावाला माझा भाऊ भूपेश राहतो. भाताच्या गिरणीत कामाला आहे. त्याची बायको ज्योत्स्ना मायाळू आहे, आणि त्यांना मूलबाळ नाही. एकोणीस मेला मी रिंकूला तिथे पोचवलं. खुशाल चिडला होता.

"सुट्टीत पोरगी घरी नाई ठेवाची त कवा ठेवाची? काहाले डरतेस एवढी?"

"राहू द्या तुमी. थोडे दिवस."

"तुले कोनी भरवलं का काई?"

मी रिंकूचे कपडे पिशवीत भरले. परत येताना बसमध्ये मला रडू आलं आणि बरंही वाटलं. तिच्यात आणि त्या तलावात आता एक अख्खा जिल्हा होता.

नंतरचे दिवस सुखाचे होते, हे मला कबूल केलंच पाहिजे. माझा फोन स्वच्छ झाला होता. त्यावर आता ट्रॅक्टरच्या, परदेशात घर घेण्याच्या, टाय बांधणाऱ्या साहेबांच्या जाहिराती येत. मी कोण हे जाहिरातींना कळेनासं झालं होतं आणि त्याची मला मजा वाटायची. बाकीच्यांचे फोन मी पाहायचं सोडलं. निरोप वाचायचे असतील तर दुर्गाच्या थोरल्याकडे जा म्हणून सांगितलं.

रोज चारच्या सुमाराला मोहाखाली उभी राहून मूलला फोन करायचे. पहिले दोन दिवस रिंकू खूप रडली. घरी ने म्हणाली. तिसऱ्या दिवशी कमी रडली. मग ज्योत्स्ना सांगू लागली, "खेळून राह्यली बाई, मंग बोलन म्हन्ते." पोर रुळली, मी खुशालला सांगितलं. माझ्या मनात जरा दुखलंही, पण आईला तेवढं दुखायचंच.

तिसाव्या तारखेला ज्योत्स्नाने फोन रिंकूच्या कानाला लावला. मी पाच-सहा गोष्टी विचारल्या. ती एकदाच "हो" म्हणाली.

६

जूनच्या पहिल्या तारखेला दुर्गा पाळीवर भेटली. कडेवरची घागर खाली न ठेवताच म्हणाली, "सुटलो बापा एकदाचे. त्या फराकाच्या जाहिराती बंद झाल्या, पाह्यलं का?"

"कवा?"

"झाले दोनतीन दिवस. मधात त लय येत होत्या. भाजीपाल्याच्या, झोपेच्या औषधाच्या, का का."

मी तिचा फोन मागितला. प्रवीणने ज्या पानांवर नेलं होतं ती पानं मला आता उघडता येत होती. खात्यावरून काय काय शोधलं गेलं त्याची यादी तारखेनुसार असते, आणि प्रत्येकापुढे फोनाचं नाव. ज्यांच्यापुढे नाव नव्हतं तेवढंच मी वाचलं. सगळ्यात जुन्यापासून वर येत गेले.

चार मे, तलाव: नऊ वर्षांच्या मुलीचे फ्रॉक.

नऊ मे, तलाव: केसातल्या उवा कशा काढाव्या.

चौदा मे, तलाव: रिंकू नावाचा अर्थ.

एकोणीस मेला काही नव्हतं. वीस तारखेपासून जागा बदलली होती. तलावाच्या जागी लिहिलं होतं, मूल.

वीस मे, मूल: मुलगी रात्री रडते उपाय.

एकवीस मे, मूल: अंबाडीची भाजी गूळ घालून कशी करावी.

रिंकू अंबाडी गुळाशिवाय खात नाही. हे मी ज्योत्स्नाला सांगायला विसरले होते. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही.

तेवीस मे, मूल: मुलगी आईला विसरायला किती दिवस लागतात.

चोवीस मे: मुलगी आईला विसरायला किती दिवस लागतात. पंचवीसलाही तेच. सव्वीसलाही. रोज एकदा, सकाळी, तोच प्रश्न, एकही अक्षर इकडचं तिकडे न होता. शेवटचा तीस तारखेचा. त्यानंतर यादी रिकामी होती.

दुर्गा विचारत होती, काय झालं, तोंड असं काऊन झालं. मी फोन तिच्या हातात परत दिला. मी माझ्या फोनाची एकेक खिडकी बंद केली होती आणि समजले होते की आता त्या पंधराव्याला मी दिसत नाही. त्याला मी पाहायचीच नव्हते. त्या खिडक्यांतून तो फक्त मला दिसत होता, आणि मी बारा दिवस डोळे मिटून सुखात बसले होते. आणि जो रोज विचारत होता त्याला आता विचारायची गरज उरली नव्हती.

७

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने निघाले. आरमोरी, गडचिरोली, मग मूल. वाटेत रेंज होती तिथे ज्योत्स्नाला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा ती म्हणाली, रिंकू मजेत आहे, जेवली, ओसरीवर खेळते आहे. "लय शानी पोरगी, बाई. काईच तरास नाई. दिवसभर एकटीच बोलत रायते." मी तिला म्हटलं, वयनी, तिच्याजवळ बसून राहा, उठू नका. ती हसली. तिला वाटलं मला पोरीची आठवण आली.

बारा वाजता गल्लीच्या तोंडाशी पोचले. ज्योत्स्ना तिथेच हातपंपावर पाणी भरत होती. भूपेश गिरणीत गेलेला. म्हणजे घरात रिंकू एकटी. मी ज्योत्स्नावर ओरडलेच. ती बिचारी घागर घेऊन माझ्यामागे जवळजवळ धावत आली. गिरणीची घरघर सगळ्या गल्लीत भरून राहिली होती.

रिंकू ओसरीवर पाय खाली सोडून बसली होती. अंगावर घरून आणलेलेच कपडे, केस नीट विंचरलेले, दोन वेण्या घट्ट. एवढ्या घट्ट वेण्या ज्योत्स्नाला येत नाहीत. पोर छान दिसत होती. अंगाने भरली होती. ती समोर दिसल्यावर मला फार बरं वाटलं.

मी तिला उठवून छातीशी धरलं. तिने धरू दिलं. पाहुणी बाई जवळ घेते तेव्हा मुलं जशी हात अंगाशी ठेवून उभी राहतात, वास घेत नाहीत, बिलगत नाहीत, तशी ती उभी राहिली. मग हळूच सुटली आणि एक पाऊल मागे सरकली.

"रिंकू. मी आलो ना व."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. त्या नजरेत भीती नव्हती, राग नव्हता. मला सोडून गेलीस म्हणून रुसली असती तरी मी देवाचे पाय धरले असते.

"बसा ना मावशी," ती म्हणाली. "पानी आनतो."

ज्योत्स्ना माझ्यामागे अंगणातच उभी होती. डोक्यावरची घागर उतरवायचं तिला भान नव्हतं. "असं काऊन बोलून राह्यली हे?" ती मला विचारत होती. "काल परवाच्याले मलेच आई म्हनत होती वाटलं मले. हाक मारे तं मी ओ देत होतो, तरी आतच पाहे."

रिंकू आत गेली होती. स्वयंपाकघराचं दार अर्धं लोटलेलं होतं. गिरणीच्या घरघरीतून तिचा आवाज येत होता, हलका, लाडातला, घरच्या माणसाशी बोलायचा. ती काही विचारायची आणि थांबायची. थांबलेल्या वेळात मला काही ऐकू येत नव्हतं. मग ती "बरं" म्हणायची. आत कोणीतरी भांडं खाली ठेवलं. तो आवाज रिंकूच्या बाजूने आला नव्हता.

मी दारापर्यंत गेले. हात लावला तेवढ्यात रिंकू फटीतून बाहेर आली आणि तिने दार मागे ओढून घेतलं. तेवढ्या वेळात मला आतली जमीन दिसली. चुलीपुढे कोणी बसून उठल्यासारखी ओली खूण होती, मोठी, आणि तिच्यापासून दारापर्यंत चिखल लागलेला. मूलमध्ये अजून पावसाचा थेंब पडला नव्हता.

रिंकूने दोन्ही हातांनी तांब्या पुढे केला. मी शिकवलं होतं तसंच, पाहुण्याला द्यायचा तसा.

"आई म्हन्ते," ती म्हणाली, "पानी प्या, अन् जा म्हना आता."

मी तांब्या घेतला. पाणी थंड होतं आणि त्याला आमच्या तलावाचा वास येत होता.